बाहेरूनही दर्शन घडते



मागच्या मार्गशीर्षात औंढा नागनाथाला गेलो होतो. तिथला गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद वाटेने वाकून उतरावे लागते. माझे गुडघे आता ऐकत नाहीत. घरची मंडळी खाली गेली, मी वरच राहिलो. मनाला फार लागलं. इतकं लांब येऊन देव भेटलाच नाही! मग म्हटलं, निदान प्रदक्षिणा तरी घालू. आणि त्या दिवशी हे देऊळ मी पहिल्यांदा नीट पाहिले.

हे मंदिर तेराव्या शतकातले, देवगिरीच्या यादवांच्या काळातले. यादवांचा मंत्री हेमाद्री, त्याच्या नावावरून या बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो. घडीव दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवायचे, ही तिची खूण. वरचा भाग मात्र नंतरच्या डागडुजीतला. खालचा काळा दगड आणि वरचा गिलावा पाहिला की फरक लगेच कळतो.

भिंत सरळ जात नाही, कोन काढत जाते. त्यामुळे ऊन कलले की एक कोन उजेडात, शेजारचा सावलीत, आणि मूर्ती उठून दिसतात. तळाशी हत्तींची रांग आहे, तिला गजथर म्हणतात. साऱ्या देवळाचा भार जणू त्यांच्याच पाठीवर! एका कोपऱ्यात पार्वती रुसून बसली आहे आणि महादेव तिची समजूत काढताहेत. पाहून हसूच आलं.

नंदी मात्र समोर नाही, मागे आहे. परंपरा सांगते, नामदेवांना पुढे कीर्तन करू दिले नाही. ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी होता तिथेच राहिला. नामदेवांची नरसी याच हिंगोली जिल्ह्यात. त्यांना गुरू विसोबा खेचर भेटले तेही इथेच. विसोबांचे पाय पिंडीवरून उचलून जिकडे ठेवावेत, तिकडे पिंड दिसू लागली, अशी कथा आहे.

नंदीजवळ टेकलो आणि मनातली खंत गेली. देव गाभाऱ्यापुरता नाही, हे गुरूने नामदेवांना इथेच दाखवले. मला माझ्या गुडघ्यांनी दाखवले.

तुम्ही जाल तेव्हा सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात सावकाश प्रदक्षिणा घाला. नातवंडाला हत्ती मोजायला सांगा. फक्त मूर्तींना तेल-कुंकू लावू नका. सातशे वर्षे टिकलेले नाक-डोळे त्याने बुजतात.

श्री गुरुदेव दत्त!