भूगर्भातील तेल : साठा किती, हाती किती?

गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव ही कोहळी समाजाच्या कर्तृत्वाची साक्ष होय. अशा कोणत्याही तलावाचा साठा मोजताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. मोरीच्या पातळीखालील पाणी तलावात असते, परंतु पाटाने शेतात पोहोचत नाही. त्यास मृत साठा म्हणतात. खनिज तेलाचा हिशोबही याच भेदाने उलगडतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरील मुंबई हाय हे याचे उत्तम उदाहरण. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, ‘सागर सम्राट’ या वेधन-नौकेच्या साहाय्याने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेथे तेल सापडले. २१ मे १९७६ रोजी उत्पादनास प्रारंभ झाला. १९८५ मध्ये दिवसाला साडेचार लाखांहून अधिक पिंपे तेल मिळू लागले. २०२४ मध्ये हे प्रमाण सुमारे १ लाख ३४ हजार पिंपांवर आले होते.

ही घट का व्हावी? तेल तलावाप्रमाणे पोकळीत साचलेले नसते. येथे ते चुनखडकाच्या सूक्ष्म छिद्रांत सामावलेले आहे. आरंभी खडकातील नैसर्गिक दाब तेलास विहिरीकडे लोटतो. उपसा वाढतो तसा हा दाब ओसरतो. तो टिकविण्यासाठी समुद्राचे पाणी शुद्ध करून खडकात सोडावे लागते. परंतु खडकाचे थर सर्वत्र सारखे नसल्याने पाणी सोपी वाट धरते, काही तेल मागेच राहते आणि कालांतराने विहिरीतून तेलासोबत पाणीही येऊ लागते. जगभरातील तेलक्षेत्रांतून सरासरीने मूळ साठ्याचा जेमतेम तिसरा हिस्साच हाती येतो.

समुद्रातील हे काम जोखमीचेही आहे. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायच्या एका उत्पादन-मंचावर एक नौका आदळून आग लागली. त्या दुर्घटनेत २२ जणांना प्राण गमवावे लागले.

आज देशाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात होते. धानाच्या बांधीत चालणाऱ्या ट्रॅक्टरचे डिझेलही याच हिशोबात मोडते. म्हणून नव्या साठ्यांचा शोध, जुन्या क्षेत्रांतून अधिक तेल मिळविणारे तंत्र आणि वापरातील काटकसर या तिन्ही वाटांनी एकाच वेळी चालणे आवश्यक आहे. तलाव पुढील पावसाळ्यात पुन्हा भरतो. तेलाचा साठा भरण्यास कोट्यवधी वर्षे लागतात. शाळेत व ग्रामसभेत ही गोष्ट समजावून देता आली, तर काटकसरीचा आग्रह वेगळा धरावा लागणार नाही.