शॉर्टकट कसा ठरवावा

‘परेड, सावधान!’ या आज्ञेचे दोन भाग असतात. पहिला शब्द तयारीला लावतो, दुसऱ्यावर हालचाल होते. कंट्रोल आणि अक्षर यांची जोडीही तशीच.

१९८३ च्या अ‍ॅपल लिसा संगणकावर ‘पेस्ट’ला पी न देता व्ही दिले, कारण झेड, एक्स, सी, व्ही या कळा शेजारी-शेजारी, डाव्या हाताखाली आहेत. उजवा हात माउसवरच राहतो. आद्याक्षर लक्षात राहते हे खरे, पण दिवसभर काम करणाऱ्याला जवळची कळच परवडते.

माझे मामा चेन्नईत, नुंगंबाक्कमला लग्नपत्रिका डिझाइन करतात. सुट्टीत मी तासभर त्यांच्या प्रत्येक आज्ञेची रेघ वहीत मारली. सर्वांत जास्त रेघा ‘मधोमध आणा’ला पडल्या, आणि त्यासाठी ते दर वेळी मेनू उघडत होते! इंकस्केपच्या प्रेफरन्सेसमध्ये कळा बदलता येतात. त्या आज्ञेला आम्ही डाव्या हाताची जोडी दिली. क्वचित लागणाऱ्या आज्ञा मेनूतच ठेवल्या. सगळ्यांना शॉर्टकट दिले तर एकही लक्षात राहत नाही.

मराठीत एक धोका जास्त. काही साधने नुसत्या अक्षराने बदलतात. इलस्ट्रेटरमध्ये व्ही दाबले की निवडीचा बाण येतो. पण कर्सर मजकुरात असेल तर अक्षरच उमटते, आणि इनस्क्रिप्टमध्ये व्हीच्या कळेवर ‘न’ आहे. वराच्या नावाला चिकटलेला ‘न’ मराठी न वाचणाऱ्या छापखान्यात कोणाला दिसणार? पत्रिकांचा अख्खा गठ्ठा वाया. म्हणून मजकूर लिहिताना लागणाऱ्या प्रत्येक आज्ञेला कंट्रोल जोडलेलाच हवा.