बॅटरी भरलेली, तरी इन्व्हर्टर बंद

प्रश्न : शेतघरी वीज नाही म्हणून नुकतीच १२ व्होल्टची सौरयंत्रणा बसविली. दिवे लागतात, पण मिक्सर लावताच इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ दाखवून बंद पडतो. बॅटरी बदलावी काय?
— एक वाचक, भोर तालुका

उत्तर : तूर्त मुळीच बदलू नये. ७५० वॅटच्या मिक्सरला बॅटरीकडून सुमारे ७० अँपिअर प्रवाह लागतो, मोटार सुरू होतेवेळी त्याहूनही कितीतरी अधिक. आणि एवढा प्रवाह बारीक, लांब वायरीतून अथवा सैल लगमधून (वायरीच्या टोकाच्या धातूच्या जोडकडीतून) जाऊ लागला, की बॅटरीपाशी शाबूत असलेला दाब इन्व्हर्टरपर्यंत पोहोचेतो क्षीण होतो व यंत्र बॅटरी रिकामी झाल्याचे मानून स्वसंरक्षणार्थ बंद पडते. यास्तव मिक्सर लावून मल्टिमीटरने प्रथम बॅटरीच्या व मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलांवर दाब मोजावा. तेथे १२ आणि येथे १०.५ भरल्यास कसूर निःसंशय जोडणीचा. बहुधा लगलगतचे वायरीचे आवरणही काळवंडलेले आढळेल. दोन्हीकडे सारखाच घसरत असेल, तरच बॅटरीची चौकशी करावी : पूर्ण भरलेली शिसे-आम्ल बॅटरी काही तास विसावल्यावर १२.७ व्होल्टच्या आसपास असते. सैल लगचे नट आवळण्यापूर्वी मात्र पॅनेलची जोडणी आधी व बॅटरीची मागाहून तोडावी. हा क्रम उलटल्यास चार्ज कंट्रोलर निकामी होण्याचा धोका असतो.