गंजलेल्या मोटारीचा जीर्णोद्धार

तंजावूरचा राजवाडा नायक राजांनी उभारला. पुढे १६७० च्या दशकात व्यंकोजी भोसले तेथे आले आणि मराठी राजांनी त्या वास्तूत भर घातली. राजवाड्यातील कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्ती मांडल्या आहेत. त्यांतील कित्येकींवर हिरवट-काळसर झाक आहे. किल्ल्याच्या पूर्व वेशीजवळील उंचवट्यावर एक प्रचंड लोखंडी तोफ उघड्यावर पडलेली आहे. ‘राजगोपाल बीरंगी’ या नावाने ती ओळखली जाते. नायकांच्या काळात, सतराव्या शतकात घडवलेली ही तोफ सुमारे साडेसात मीटर लांब आहे. ती ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या जुळवून, त्यांवर तापवलेली कडी चढवून आणि ठोकून ती सांधलेली आहे. शतकानुशतके पाऊस झेलूनही ती झिजून गेलेली नाही.

त्याच गावात एखाद्या घरामागे ताडपत्रीखाली जुनी मोटार उभी असेल, तर तिचा पत्रा मात्र काही वर्षांतच बोटाने दाबला तरी भुगा होतो. तिन्ही ठिकाणी धातूवर हवापाण्याचाच परिणाम झालेला असतो. मग मूर्ती टिकते, तोफ टिकते आणि मोटार का टिकत नाही?

कांस्यात तांबे असते. त्यावर चढणारा थर बहुधा घट्ट बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. म्हणून जाणकार मूर्ती घासूनपुसून लख्ख करीत नाहीत. लोखंडाचा गंज वेगळा. लोखंड, प्राणवायू आणि पाणी यांच्या संयोगाने तो तयार होतो, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि पापुद्रे होऊन सुटतो. पापुद्रा गळाला की खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. जुन्या भट्ट्यांतील लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असे. अशा लोखंडावर कालांतराने एक दाट, पातळ थर बसतो व गंजाची गती मंदावते. शिवाय तोफेची जाडीच इतकी की, थोडे गेले तरी पुष्कळ उरते. मोटारीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास असतो. तिच्याकडे गमवायला फारसे काही नसते. दुरुस्ती करणाऱ्याने पहिली गोष्ट हीच ध्यानात घ्यावी.

उदाहरणासाठी ‘स्टँडर्ड हेराल्ड’ ही गाडी घेऊ. १९६१ पासून सुमारे दहा वर्षे ही गाडी मद्रासच्या स्टँडर्ड कारखान्यात तयार होत असे. घरच्या घरी दुरुस्त करण्यास ती मोठी सोयीची आहे. तिची चॅसी म्हणजे खालचा सांगाडा स्वतंत्र असतो आणि वरचे भाग त्यावर बोल्टांनी जोडलेले असतात. पुढचे संपूर्ण बॉनेट चाकांवरील पत्र्यासह पुढे कलंडते. त्यामुळे यंत्राला हात घालणे सोपे जाते. दुबळी जागा चॅसीच्या दोन्ही बाजूंना आलेल्या आडव्या हातांची. चिखल तेथे साचतो आणि गंज आतून पोखरतो.

उत्साही माणूस लगेच पाना हाती घेतो. तेथेच पुष्कळ गाड्यांचा घात होतो. आधी प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्यावीत. निघालेले नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत घालून त्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात. सहा महिन्यांनी कोणता बोल्ट कोठला हे स्मरणात राहत नाही. मग सुटे भाग पोत्यात पडून राहतात आणि शेवटी भंगारवाल्याच्या गाडीत चढतात. गंजून अडकलेला नट जोराने पिळू नये. त्यावर झिरपणारे तेल टाकून रात्रभर थांबावे आणि आधी किंचित आवळून मगच सोडवावा.

नंतर गंजाची परीक्षा करावी. हातोडीने हलके ठोकले असता शाबूत पत्रा खणखणतो, पोखरलेला बद्द वाजतो. नुसता वरवरचा गंज असेल तर तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर पुरेसा होतो. त्यानंतर फॉस्फरिक आम्ल असलेले गंजनाशक द्रावण लावतात. ते गंजाशी संयोग पावून फॉस्फेटचा थर तयार करते. हातमोजे व चष्मा घालूनच हे काम करावे. पत्रा धुऊन, पूर्ण वाळवून त्याच दिवशी प्रायमर द्यावा. दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत लाल होतो.

भोके पडली असतील तर शाबूत धातू लागेपर्यंत पत्रा कापून नवा तुकडा जोडण्यास पर्याय नाही. भोकावर पुट्टी भरून रंग दिल्यास गाडी काही दिवस देखणी दिसते, पण पुट्टीखालचा गंज आपले काम चालूच ठेवतो. ही दुरुस्ती नसून लपवाछपवी होय. जोडकाम जाणत्या वेल्डरकडूनच करून घ्यावे. तत्पूर्वी बॅटरी, गाद्या आणि पेट्रोलची टाकी बाहेर काढावी. रिकाम्या टाकीतही वाफ उरते आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन एकदम चालू करू नये. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहावे.

किती नवे घालावे, हा मात्र अवघड प्रश्न आहे. राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजी राजांनी वाढवलेला पोथ्यांचा संग्रह आहे. फाटलेल्या पानाला आधार देताना कोणी त्यावर आपल्या मनाची अक्षरे लिहीत नाही. मोटारीचेही तसेच आहे. मूळ दरवाजा दुरुस्त होण्याजोगा असेल तर, सुरकुतलेला असला तरी, तोच ठेवावा. ब्रेक याला अपवाद. त्यांची रबरे, नळ्या आणि झिजलेले भाग निःसंकोच बदलावेत. जुनेपणाच्या प्रेमापायी कोणाचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार मालकाला नाही.

कायद्यानेही मूळ रूपाला महत्त्व दिले आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या आणि चॅसी, बाह्यांग व इंजिन यांत मोठा बदल न केलेल्या खासगी वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, शर्यत-फेरी, इंधन भरणे वा देखभाल अशा कामांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी आणता येत नाही.

रंग वाळून गाडी दारात उभी राहिली तरी गंज कोठे गेलेला नसतो. तंजावूरकडे ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पाऊस धरतो. त्याआधी प्रत्येक दरवाज्याच्या तळाशी असलेली बारीक छिद्रे तारेने मोकळी करावीत. काचेच्या फटीतून आत उतरलेले पाणी बाहेर पडण्यास तेवढीच वाट असते.