दोन तक्त्यांची गाठ

इतिहासाच्या अध्यापकाने संगणकावरील तक्त्यांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु नालवाडीत जनगणना शिकविताना आमची याच कामाशी वारंवार गाठ पडते. एका तक्त्यात तालुक्यांची लोकसंख्या असते, दुसऱ्यात साक्षरता. आणि दोन्ही शेजारी आणावयाची असतात.

एक्सेलमध्ये त्यासाठी व्हीलूकअप हे सूत्र आहे. त्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात : काय शोधावयाचे, कोणत्या तक्त्यात, कितव्या स्तंभातील मूल्य आणावयाचे, आणि जुळणी तंतोतंत हवी की जवळपासची. ही चौथी गोष्ट पुष्कळ जण गाळतात. मग जवळपासची जुळणी गृहीत धरली जाते आणि पहिला स्तंभ चढत्या क्रमाने लावलेला नसेल तर भलतेच मूल्य येऊन बसते. म्हणून तेथे ‘फॉल्स’ लिहावेच.

आता आपलाच जिल्हा घेऊ. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. त्यांपैकी कारंजा वाशीम जिल्ह्यातही आहे, आष्टी बीडमध्येही आणि सेलू परभणीतही. राज्याच्या तक्त्यात नुसते ‘सेलू’ शोधले, तर व्हीलूकअप पहिला सेलू सापडताच थांबते. दुसरा आहे, हे सांगतही नाही. पॉवर बीआयमधील लूकअपव्हॅल्यू मात्र एकाहून अधिक भिन्न मूल्ये आढळल्यास चूक दर्शविते. गुपचूप दिलेल्या उत्तरापेक्षा हा नकार आम्हांस बरा वाटतो.

उपाय जनगणना खात्यानेच करून ठेवला आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७, वर्धा जिल्ह्याचा ५०४. तालुक्यांना व गावांनाही आपापले संकेतांक आहेत. शोध त्यांवरूनच घ्यावा. एका तक्त्यात ५०४ हा अंक आणि दुसऱ्यात तोच मजकूर म्हणून नोंदलेला असेल तर जुळणी होत नाही, एवढे पाहावे. नावावाचून गत्यंतर नसेल तेव्हा जिल्हा व तालुका जोडून शोधावे आणि शब्दामागे राहिलेली रिकामी जागा ट्रिम या सूत्राने काढावी.

हे सारे बिनचूक केले तरी एक गोष्ट सूत्राच्या आवाक्याबाहेर राहते, आणि ती आपल्या समाजाशी निगडित आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ मध्ये सुमारे ७ टक्के होते; १९९१ मध्ये ते सुमारे ११ टक्के झाले. स्तंभाचे नाव तेच, राज्य तेच, जुळणीही अचूक. नवखा विद्यार्थी येथे लोकसंख्येची झेप पाहील. वस्तुतः १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्यांनी स्वतःस बौद्ध म्हणून नोंदविले, ते त्या स्तंभात मोजलेच जात नव्हते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींत स्थान मिळाले आणि स्तंभाचा अर्थ पालटला. म्हणून १९८१ ची बौद्धांची संख्या धर्माच्या तक्त्यातून आणून शेजारच्या रकान्यात ठेवावी. बेरीज मात्र करू नये. १९९१ मध्येही प्रत्येक बौद्धाची नोंद अनुसूचित जातींत झालीच, असे नाही.