सणापूर्वीचा रविवार

श्रावण सरत आला की पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील घराघरांत लगबग सुरू होते. गणपतीचा पाट चित्रशाळेत पोहोचतो, भिंतींना रंग चढतो, नेवऱ्यांसाठी खोबरे-गुळाची जमवाजमव होते. आणि डिचोलीचा बुधवारचा व म्हापशाचा शुक्रवारचा बाजार माटोळीच्या साहित्याने भरून जातो. चतुर्थी आटोपते न आटोपते तोच नवरात्र येते. मागोमाग दसरा, पेडण्याची प्रसिद्ध पुनव आणि नरकासुरासह येणारी दिवाळी. सण आनंदासाठी असतात; परंतु अनेक घरांत तो आनंद दारी येतो तेव्हा घरची माणसे थकून गेलेली असतात. असे का व्हावे, आणि ते टाळण्यासाठी सणापूर्वीच्या शनिवार-रविवारांचा उपयोग कसा करावा, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. विश्रांती म्हणजे आळस नव्हे. गोमंतकीयांना 'सुशेगाद' म्हणून हिणवण्याची काहींना सवय आहे. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ 'शांत, निवांत' असा आहे. 'आळशी' असा नाही. भर दुपारी दुकान बंद करून घटकाभर आडवा होणारा आपला दुकानदार दिवेलागणीनंतरही गिऱ्हाइकांपुढे ताजातवाना उभा असतो, हे आपण पाहतोच. शेतकऱ्यालाही हे शास्त्र ठाऊक आहे. दिवाळीत गोरवांच्या पाडव्याला तो गुरांना न्हाऊ घालतो, त्यांच्या गळ्यांत माळा घालतो, त्यांना गोडधोड भरवतो. वर्षभर राबणाऱ्या मुक्या जिवांचा जो मान आपण राखतो, तो राबणाऱ्या माणसांचा का राखू नये?

रविवारची सुटी आज आपल्याला सूर्योदयाइतकी स्वाभाविक वाटते. ती मात्र कोणी सहजासहजी दिलेली नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगार पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबत, आणि त्यांना आठवड्याची हक्काची सुटी नसे. महात्मा फुले यांचे सहकारी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली या कामगारांना संघटित केले आणि साप्ताहिक सुटीची मागणी मांडली. 1890 साली मुंबईत हजारो कामगारांची प्रचंड सभा भरली. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे 1921 साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने उद्योगधंद्यांतील साप्ताहिक विश्रांतीचा करार संमत केला आणि 1923 साली हिंदुस्थानने त्यास मान्यता दिली. इतक्या सायासाने मिळालेला दिवस आपण कसा घालवतो, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नव्हे.

आता शरीराची बाजू पाहू. गाढ निद्रेत मेंदू स्वस्थ पडून राहत नाही; दिवसभरात शिकलेले तो पक्के करीत असतो. वाढीस आवश्यक असलेला रसही गाढ झोपेतच अधिक प्रमाणात स्रवतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना दररोज 8 ते 10 तास, आणि सहा ते बारा वर्षांच्या बालकांना 9 ते 12 तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. आपल्या देहात दिवस-रात्रीचे एक घड्याळ असते. ते पेशींमध्ये कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तीन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. शनिवारी मध्यरात्र उलटेपर्यंत मोबाइल पाहत बसणे आणि रविवारी दुपार होईतो अंथरुणात लोळणे, ही विश्रांती नव्हे. त्यामुळे हे घड्याळ मागे पडते आणि सोमवारी वर्गात डोळे मिटू लागतात. नरकासुर करण्यासाठी रात्र जागवणाऱ्या मित्रांनीही हे ध्यानी घ्यावे. एका रात्रीच्या जागरणाची हौस समजू शकते. परंतु पंधरा दिवस रोज जागरण करून उभारलेला नरकासुर शेवटी आपल्यालाच जड जातो.

येथवर आपण आपल्या विश्रांतीविषयी बोललो. पण विद्यार्थिमित्रांनो, एक प्रश्न स्वतःला विचारा: घरात रविवार येतो तो कोणासाठी? वडील निवांत बसतात, मुले खेळतात. आणि आईचा रविवार मात्र सोमवारपेक्षाही कामाचा असतो. ही केवळ भावनेची गोष्ट नाही. देशात 2019 साली झालेल्या अधिकृत कालविनियोग पाहणीत असे आढळले की, बिनमोबदल्याच्या घरकामात स्त्रिया दिवसाकाठी सरासरी 299 मिनिटे घालवतात, तर हे काम करणारे पुरुष केवळ 97 मिनिटे. सणाच्या दिवसांत हे ओझे वाढते, हे सांगण्यास पाहणीची गरज नाही. एकाची विश्रांती जर दुसऱ्याच्या श्रमावर उभी असेल, तर तिला घराची विश्रांती म्हणता येणार नाही.

तेव्हा उपाय एकच: काम वाटून घ्यावे, म्हणजे विश्रांतीही वाटली जाईल. चतुर्थीच्या आधी तीन आठवडे सर्वांनी एकत्र बसून कामांची यादी करावी. प्रत्येक शनिवारच्या दुपारी त्यांतील एक-दोन कामे पुरी करावीत. माळ्यावरील समया व भांडी घासणे, कोळिष्टके काढणे, बाजारातून पिशव्या वाहून आणणे, नारळ सोलणे ही कामे मुलगे व मुली दोघांनीही करण्याजोगी आहेत. नेवऱ्यांच्या कडा मुरडण्यासही मुलग्यांचे हात चालतात. मग रविवार मोकळा ठेवावा. त्या दिवशी नेहमीच्याच वेळी उठावे. पावसाने उघडीप दिली तर वडीलधाऱ्यांसह मये तळ्याच्या काठी किंवा गावच्या डोंगरवाटेवर फिरून यावे. स्वयंपाक साधा, पेज-भाजीचा असावा. दुपारी आईला कोणीही हाक मारू नये. सायंकाळी तासभर मोबाइल बाजूला ठेवून आजी-आजोबांपाशी बसावे. माटोळीला बांधायची रानफळे कोणती आणि ती कोठे मिळतात, हे त्यांना विचारावे. अशा गप्पांत शीण जातो आणि ज्ञानही मिळते.

कोणी म्हणेल, इतक्या कामांत हा एक दिवस मोकळा कसा सापडणार? आमचे उत्तर असे की, एकाच माणसाच्या माथी सगळे काम असेल तर तो कधीच सापडणार नाही. पाच माणसांत वाटले तर निश्चित सापडेल. येत्या चतुर्थीला आरतीसाठी घुमट घुमू लागेल आणि अंगणात फुगडी रंगेल, तेव्हा त्या फुगडीत आपली आईही हसतमुखाने सामील झालेली दिसावी, यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने आजच आपल्या वाट्याचे एक काम निवडावे, एवढेच आमचे सांगणे आहे.