कवडीची गोष्ट

तुळजापूरच्या भवानीच्या आराध्यांच्या गळ्यात आपण कवड्यांची माळ पाहतो. "फुटकी कवडी देणार नाही," असंही आपण सहज बोलून जातो. पण ही कवडी येते कुठून?

कवडी म्हणजे समुद्रातल्या एका लहान गोगलगाईचे घर. पावसाळ्यात बांधावर दिसते ना गोगलगाय, तिचीच ही दूरची बहीण. उथळ, कोमट पाण्यात पोवळ्यांच्या खडकांत ती राहते आणि शेवाळ खाते. कवडी लांबीला जेमतेम इंचभर. जिवंतपणी ही गोगलगाय आपल्या मऊ अंगाची घडी कवडीवर पांघरते. त्या घडीतूनच चकाकीचा लेप चढतो. म्हणून कवडी गुळगुळीत असते.

मालदीव बेटांभोवती कवड्या फार. तिथले लोक नारळीच्या झावळ्या पाण्यात टाकीत. गोगलगाई त्यांना चिकटल्या की झावळ्या ओढून घेत. मग त्या गोगलगाई खड्ड्यात पुरत. मांस कुजून गेले की कवडी उरे. गलबते भरून कवड्या बंगालला जात आणि बदल्यात तांदूळ येई. इब्न बतूता हा प्रवासी १३४३ साली मालदीवला पोचला. त्याने हा व्यापार लिहून ठेवला आहे.

बंगाल आणि ओडिशात कवडी म्हणजे पैसाच होता. चार कवड्यांचा एक गंडा. वीस गंड्यांचा, म्हणजे ८० कवड्यांचा, एक पण. सोळा पणांचा एक काहण. काहणात कवड्या किती? १२८०.

ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, तेव्हा शेतसारा कवड्यांत धरीत. १८०३ साली तो मुलूख इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. कंपनीने सारा चांदीच्या रुपयांत मागितला. रुपया आणायचा कुठून? रयत कवड्या घेऊन सराफाकडे धावली. कवडीचा भाव पडला. एका रुपयाला जास्त जास्त कवड्या पडू लागल्या. १८१७ साली तिथल्या पाइकांनी, म्हणजे शिपाईगड्यांनी, बंड केलं. जमिनी गेल्या होत्या, मीठ महागलं होतं. त्यात हे कवडीचं दुःखही होतं.

पाहा, कवडी तीच, चकाकीही तीच. सरकारने घेतली तोवर ती पैसा होती. नाकारली, आणि ती कवडीमोल झाली.

यातून आपण एक गोष्ट ध्यानात ठेवू. देणे किती हे तर पाहावेच. पण ते कशात फेडायचे, हेही कागदावर वाचावे. आता आपल्याला वाचता येते. आधी वाचू, मगच सही करू.